कोन्बिनीतील स्वस्त तयार भातावर काही महिने काढता येतील का?

प्रश्न : जपानी भाषेच्या अभ्यासक्रमासाठी मी पुण्याहून टोकियोला आलो आहे. वसतिगृहात स्वयंपाकघर नाही; मायक्रोवेव्ह, लहान फ्रिज आणि पाणी तापवण्याची किटली एवढेच आहे. जवळच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमधले स्वस्त तयार भात सध्या एकेक करून खाऊन पाहतो आहे. त्यांवर काही महिने काढता येतील का? त्यांतले कोणते खरोखर परवडतात? रात्री फ्रिजमध्ये ठेवलेली ओनिगिरी, म्हणजे भाताची हातात मावणारी वडी, सकाळी खडीसारखी कडक का होते? माझा खोलीतला सोबती शाकाहारी आहे. त्याने काय घ्यावे?

उत्तर : काढता येतील, मात्र रोज दोन वेळा चित्र पाहून उचललेल्या डब्यावर नव्हे. तयार भाताच्या उत्पादनात आणि गुणवत्ता-तपासणीत मी बराच काळ काम केले आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की कोन्बिनीच्या, म्हणजे जपानी कन्व्हिनियन्स स्टोअरच्या फळीवर सर्वांत जास्त काळजी घेतलेली वस्तू म्हणजे खुद्द भात असतो. किंमत खाली आणण्यासाठी जी काटकसर होते ती भाताच्या सोबतीत होते : प्रथिने कमी होतात, भाजी जवळजवळ नाहीशी होते आणि त्यांची जागा तेल, मैदा व मीठ घेतात. म्हणून भात दुकानातून घ्यावा आणि बाकीचे जेवण शक्य तितके आपण जुळवावे, हा माझा सल्ला आहे. तो का, हे समजण्यासाठी आधी तुमचा कडक झालेल्या ओनिगिरीचा प्रश्न घेतो, कारण बऱ्याच गोष्टींचे मूळ तिथेच आहे.

तांदूळ शिजतो तेव्हा त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. भात निवू लागला की स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून रचना धरू लागतात, धरलेले पाणी सोडतात आणि दाणा टणक होतो. या क्रियेला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. ती सर्वांत वेगाने होते ती शून्य अंशाच्या किंचित वर, म्हणजे नेमकी घरगुती फ्रिजच्या तापमानाला. स्टार्चमधला अमायलोज हा घटक तासाभरातच घट्ट होऊ लागतो, तर अमायलोपेक्टिन सावकाश घट्ट होतो. कोशिहिकारीसारख्या जपानी तांदळात अमायलोज साधारण 17 टक्क्यांच्या आसपास असतो, आपल्या बासमतीत तो 20 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान असतो. त्यामुळे थंड ओनिगिरी मऊ लागते आणि थंड बासमती मोकळा पण कोरडा लागतो. यात प्रतीचा प्रश्न नाही, हा जातीचा गुण आहे.

कारखान्यात या गुणाला आणखी हातभार लावला जातो. शिजवताना थोडे खाद्यतेल घालतात, त्यामुळे दाणे यंत्राला आणि एकमेकांना चिकटत नाहीत; काही ठिकाणी ट्रेहॅलोजसारखी साखर वापरतात, ती स्टार्चला पाणी सोडू देत नाही. शिजलेला भात झपाट्याने निववतात. त्यानंतर ओनिगिरी आणि साधे बेंतो, म्हणजे भाताचे डबे, वाहतुकीत आणि दुकानात साधारण 20 अंशांच्या आसपास ठेवले जातात. दुकानात नीट पाहिलेत तर ओनिगिरीची फळी दुधाच्या किंवा सॅलडच्या फळीइतकी गार लागत नाही, हे तुमच्या लक्षात येईल. ती मशागत तुम्ही खोलीवर आणून एका रात्रीत फ्रिजमध्ये घालवलीत, एवढेच झाले.

बिघडलेले बरेचसे परत आणता येते. साठ अंशांच्या वर तापवल्यावर अमायलोपेक्टिनची ती रचना मोडते आणि भात पुन्हा मऊ होतो. आपल्याकडे शिळ्या भाताला फोडणी देताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवतात ते याचसाठी. मऊपणा फोडणीने येत नाही, झाकणाखालच्या वाफेने येतो. मायक्रोवेव्हमध्येही भातावर चमचाभर पाणी शिंपडावे आणि तो झाकून तापवावा. भात दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचाच असेल तर तो फ्रिजच्या मधल्या कप्प्यात न ठेवता, प्लॅस्टिक फिल्ममध्ये चपटा गुंडाळून थेट फ्रीजरमध्ये टाकावा. कडक होण्याचे तापमान तो लवकर ओलांडतो आणि तापवल्यावर जवळजवळ ताज्यासारखा लागतो.

येथे एक अपवाद सांगायला हवा. कोन्बिनीत 'चिरुदो बेंतो' नावाचे डबे वेगळ्या, खऱ्या अर्थाने थंड फळीवर असतात. ते दहा अंशांच्या खाली ठेवून विकण्यासाठीच तयार केलेले असल्याने अधिक टिकतात, पण तापवल्याशिवाय खाण्याजोगे नसतात. सकाळी घेऊन संध्याकाळी खायचे असेल तर हा प्रकार घ्यावा आणि खोलीवर पोहोचताच फ्रिजमध्ये ठेवावा.

आता सुरक्षिततेकडे येतो. टिकवण्याच्या बाबतीत भाताला आपण फार निरुपद्रवी समजतो. बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असू शकतात, ते शिजवण्याने मरत नाहीत आणि भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर ते रुजून वाढतात. या जिवाणूच्या काही जाती जे उलटी घडवणारे विष तयार करतात ते उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे भात पुन्हा कडकडीत तापवला तरी विष तसेच राहते. वेष्टनावर ज्या पीएच नियंत्रक, ग्लायसिन, सोडियम ॲसिटेट वगैरे नावांना बिचकून लोक डबा खाली ठेवतात, ते पदार्थ याच जिवाणूंना आवर घालण्यासाठी असतात. सोडियम ॲसिटेट हे व्हिनेगरमधल्या आम्लाचेच मीठ आहे. मला त्या नावांपेक्षा ऑगस्टमधल्या टोकियोच्या उकाड्यात दप्तरात पाच तास राहिलेल्या डब्याची अधिक भीती वाटते.

प्रत्येक डब्यावर 'शोहिकिगेन', म्हणजे खाण्याची अंतिम मुदत, तारखेबरोबर तासासह छापलेली असते. ती 'शोमिकिगेन'पेक्षा वेगळी आहे. शोमिकिगेन म्हणजे चव उत्तम राहण्याची मुदत. ती बिस्किटांवर आणि नूडल्सवर असते आणि तिच्यानंतर दोन दिवसांनी बिस्कीट खाल्ले तर बिघडत नाही. शोहिकिगेन मात्र पाळायचीच. ती उलटलेला डबा दुकानाचे बिलिंग यंत्रसुद्धा विकू देत नाही, कारण मुदत बारकोडबरोबरच नोंदलेली असते. आणि ही मुदत न उघडलेल्या, सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या डब्याची असते. अर्धा खाऊन ठेवलेल्या डब्याला ती लागू नाही.

पैशांचा हिशेब आता करू. जपानमध्ये 2024 च्या उन्हाळ्यात तांदळाचा तुटवडा झाला, भाव चढत गेले आणि 2025 च्या मार्चमध्ये सुपरमार्केटमधल्या 5 किलोच्या पिशवीचा सरासरी दर 4,000 येनच्या वर गेला. वर्षभरापूर्वी तो साधारण निम्मा होता. सरकारला राखीव साठ्यातला तांदूळ बाजारात आणावा लागला. त्यामुळे शंभर येनला ओनिगिरी मिळण्याचे दिवस मागे पडले आहेत. साधी ओनिगिरी आता दीडशेच्या आसपास आणि सामन माशाची दोनशेच्या घरात जाते, असे धरून चालावे. महागलेल्या दरानेसुद्धा 5 किलो तांदळाचा 11 किलोच्या आसपास भात होतो, म्हणजे 100 ग्रॅम भात घरी सुमारे 36 येनला पडतो. ओनिगिरीचे वजन 100 ते 110 ग्रॅम असते. उरलेले शंभरावर येन तुम्ही सारण, नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पापुद्रा, वेष्टन, दिवसातून तीन वेळा येणारी मालाची गाडी आणि पहाटे दोन वाजता उघडे असलेले दुकान यांच्यासाठी देता. घाईच्या दिवशी ते देणे मुळीच चुकीचे नाही. रोज दोन वेळा देणे मात्र विद्यार्थ्याला जड जाते.

या दोन टोकांच्या मध्ये एक वस्तू आहे आणि तुमच्यासाठी तीच सर्वांत उपयोगी आहे : निर्जंतुक पद्धतीने बंद केलेला पॅकमधला भात. 'सातो नो गोहान' या नावाने सातो कंपनीने असा भात 1988 मध्ये बाजारात आणला. आज कोन्बिनीच्या स्वतःच्या ब्रँडचेही पॅक मिळतात. पॅक 200 ग्रॅमचा असतो, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत तयार होतो, खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने टिकतो आणि चांगल्या पॅकच्या घटकांत तांदळाखेरीज बहुधा काहीच नसते. कोन्बिनीत सुटा घेण्याऐवजी सुपरमार्केटमधून तीन किंवा पाच पॅकचा गठ्ठा घ्यावा, तो बराच स्वस्त पडतो. झाकणाची कड खुणेपर्यंतच उघडून तापवायचे असते. पूर्ण उघडले तर वाफ निघून जाते आणि वरचे दाणे चिवट होतात. याहूनही खर्च कमी करायचा असेल तर शंभर येनच्या दुकानांत मायक्रोवेव्हमध्ये भात शिजवण्याचे प्लॅस्टिकचे भांडे मिळते. भात इलेक्ट्रिक कुकरइतका चांगला होत नाही, पण तुमच्या खोलीतल्या सोयींत तो बसतो.

तरीही तयार डबा घ्यायचाच झाला तर तो कसा पारखावा, हे सांगतो. सर्वांत स्वस्त बेंतोंपैकी 'नोरिबेन' उदाहरण म्हणून घ्या. भातावर कात्सुओ माशाचा कीस आणि नोरीची पट्टी, तिच्यावर पांढऱ्या माशाचा तळलेला तुकडा, चिकुवा या माशाच्या नळीवजा वडीचे तेंपुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेला तुकडा, आणि कोपऱ्यात लोणच्याची चिमूट, असा तो असतो. दिसायला भरगच्च असतो, कारण तळलेल्या तुकड्याचा निम्मा आकार पिठाच्या आवरणाचा असतो. तळणाखाली रंगहीन स्पॅगेटीचे दोन-चार धागे सापडतील. ते भाजीऐवजी दिलेले नसतात, तळणातले तेल टिपायला आणि तुकडा हलू नये म्हणून ठेवलेले असतात. डबा उलटा करून तळ पाहा. अनेक डब्यांचा तळ आतून उचललेला असतो आणि त्यामुळे उथळ भात खोल दिसतो. जपानी ग्राहक याला 'आगेझोको' म्हणून नावे ठेवतात, आणि ती योग्यच आहेत. असा डबा साधारण सातशे-आठशे किलोकॅलरी देतो, म्हणजे पोट भरते. पण त्यात हिरवे म्हणावे असे प्लॅस्टिकचे पान सोडून काही नसते.

जपानी वाचता येत नसले तरी वेष्टनावरचा पोषणाचा तक्ता तुम्हाला वाचता येईल, कारण त्याचा क्रम ठरलेला आहे : आधी ऊर्जा, मग प्रथिने, स्निग्धांश, कर्बोदके आणि शेवटी मीठ. मी आधी दुसरा आकडा पाहतो आणि मग शेवटचा. एका जेवणात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळावीत आणि मीठ अडीच-तीन ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, एवढे पाळले तरी निम्मे काम झाले. जपानच्या सरकारी आहारमानात मिठाचे दिवसाचे उद्दिष्ट प्रौढ पुरुषांना 7.5 ग्रॅमच्या आत आणि स्त्रियांना 6.5 ग्रॅमच्या आत आहे. जागतिक आरोग्य संघटना सर्वांनाच 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. स्वस्त डब्यात एकट्याने तीन-चार ग्रॅम मीठ सहज असते, आणि त्याबरोबर कपातले नूडल्स घेतलेत तर दिवसाचा कोटा एका बैठकीतच संपतो. विद्यार्थ्यांमध्ये ही जोडी फार लोकप्रिय आहे, आणि नेमकी तीच मी तुम्हाला टाळायला सांगेन.

2021 मध्ये लॉसन स्टोअर 100 या साखळीने केवळ भात आणि सॉसेज असलेला डबा दोनशे येन अधिक करात काढला होता आणि तो गाजला. त्याचे मला कौतुक वाटते ते त्याच्या प्रामाणिकपणाचे. दोनशे येनमध्ये काय बसते, ते त्याने लपवले नाही. पौष्टिक मात्र तो नव्हता.

माझ्या दृष्टीने परवडणारी जुळणी अशी : पॅकमधला 200 ग्रॅम भात किंवा दोन साध्या ओनिगिरी, त्यांच्याबरोबर एक उकडलेले अंडे किंवा नात्तोचा एक डबा, आणि चिरलेल्या कोबीची किंवा मिश्र भाजीची पिशवी. 200 ग्रॅम भातातून पाच ग्रॅम, अंड्यातून सहा ग्रॅम आणि नात्तोतून सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. 200 मिलिलिटर सोयादूध घेतले तर आणखी सातेक ग्रॅमची भर पडते. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. त्याच्या वासाची आणि तारांची सवय व्हायला वेळ लागतो, परंतु सुपरमार्केटमध्ये तीन डब्यांचा संच अत्यंत स्वस्त मिळतो आणि इतक्या पैशांत तेवढी प्रथिने देणारी दुसरी वस्तू मला तेथे आढळलेली नाही. मासे चालत असतील तर ओनिगिरीत सामनची घ्यावी. तूना-मायोनीजची ओनिगिरी सर्वांना आवडते, पण तिच्यात माशाइतकाच भाग मायोनीजचा असतो.

तुमच्या सोबत्याचा प्रश्न जास्त अवघड आहे. जपानमध्ये वेष्टनावर ॲलर्जीकारक घटक लिहिण्याची सक्ती आहे. अंडे, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा यांसारखे घटक त्यात येतात. कात्सुओ मासा मात्र त्या सक्तीच्या यादीत नाही. त्यामुळे ॲलर्जीच्या चौकटीत मासा दिसला नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. पूर्ण घटकयादी भाषांतराच्या ॲपने वाचावी लागते. यादीत 'कात्सुओ' किंवा माशाचा अर्क म्हणजे 'ग्योकाइ एकिसु' आढळला, तर तो पदार्थ त्याच्यासाठी बाद. नुसते 'दाशी', म्हणजे जपानी स्वयंपाकातले चवीचे पाणी, असे लिहिले असेल तरी मासा गृहीत धरावा.

कोम्बु या समुद्री वनस्पतीची ओनिगिरी शाकाहारी वाटते, पण ती ज्या सोया रसात शिजवतात त्यात अनेकदा माशाचा अर्क असतो. उमे, म्हणजे खारवलेल्या फळाची ओनिगिरी काही दुकानांत निव्वळ शाकाहारी असते, तर काहींत फळाबरोबर कात्सुओचा कीस मिसळलेला असतो. इनारी, म्हणजे गोड तोफूच्या पिशवीतला भात, हा सर्वांत फसवा. ती पिशवी बहुधा दाशीतच मुरवलेली असते. त्या मानाने 'शिओमुसुबी', म्हणजे केवळ मिठाची ओनिगिरी, आणि 'सेकिहान', म्हणजे चिकट तांदूळ व लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या कडधान्याचा भात, हे दोन प्रकार अधिक विश्वासाचे आहेत. तरी घटकयादी दर वेळी पाहावी, कारण साखळ्या कृती वारंवार बदलतात. नात्तो त्याला चालेल, पण डब्यातली सॉसची पुडी काढून टाकावी, कारण तिच्यात दाशी असते. साधा सोया सॉस किंवा घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी घालावी. मला तर नात्तोबरोबर चटणीच अधिक आवडते. टोकियोच्या निशि-कासाइ भागात भारतीय वस्ती मोठी आहे आणि तेथील किराणा दुकानांत डाळींची व भाज्यांची तयार पाकिटे मिळतात. जपानी रिटॉर्ट करीच्या, म्हणजे बंद पाकिटात उष्णतेने निर्जंतुक केलेल्या तयार करीच्या, पाकिटांकडे मात्र त्याने फिरकू नये. भाज्यांची म्हणून विकलेल्या करीतही गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा अर्क असणे नित्याचे आहे. तुम्ही स्वतः ही मांसे खात नसाल, तर हीच सूचना तुम्हालाही लागू आहे, आणि तळलेल्या भाताच्या म्हणजे चाहानच्या बाबतीतही.

तापवण्याबद्दल थोडेसे. डबा घेताना दुकानातला कर्मचारी 'अतातामेमासु का?' असे विचारतो. लगेच खायचे असेल तर हो म्हणावे, कारण दुकानातला मायक्रोवेव्ह 1500 वॉटच्या आसपासचा असतो आणि तो डबा मिनिटा-दीड मिनिटात एकसारखा तापवतो. तुमच्या खोलीतल्या 500 वॉटच्या यंत्राला त्याच डब्याला चार-पाच मिनिटे लागतात आणि कडा आधी तापतात. वेष्टनावर दोन्ही वेळा छापलेल्या असतात. दूर जायचे असेल तर तापवून घेऊ नये. कोमट डबा तासभर बाळगणे हा वर सांगितलेल्या जिवाणूला दिलेला अवसर आहे. ओनिगिरी तापवण्याची पद्धत टोकियोत फारशी नाही, होक्काइदो आणि ओकिनावात मात्र ती तापवू का, असे आवर्जून विचारतात. तापवायची असल्यास 500 वॉटला वीसेक सेकंद पुरे. नोरी कुरकुरीत ठेवणारी दुपदरी फिल्म सेव्हन-इलेव्हनने 1978 मध्ये ओनिगिरीबरोबर आणली. तीत नोरी आणि भात वेगळे राहतात. मधली पट्टी एक आकड्यापासून सरळ खाली ओढून पाठीमागून पूर्ण फिरवावी आणि मग दोन व तीन आकड्यांची टोके आडवी ओढावीत. तिरकी ओढली की नोरीचा कोपरा फिल्ममध्येच राहतो.

शेवटी सवलतींविषयी. पूर्वी मुदत संपत आलेला माल स्वस्तात विकण्यापासून काही दुकानदारांना रोखले जात असे. 2009 मध्ये जपानच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने याबद्दल सेव्हन-इलेव्हन जपानविरुद्ध आदेश काढला. आता चित्र बदलले आहे. सेव्हन-इलेव्हनने 2024 पासून मुदतीजवळच्या मालावर सवलतीची योजना देशभर सुरू केली, तर फॅमिलीमार्टने 2025 मध्ये डोळ्यांत पाणी आलेल्या ओनिगिरीचे चित्र असलेली सवलतीची चिठ्ठी आणली. अशी चिठ्ठी लावलेला डबा तासाभरात खाणार असाल तर बिनदिक्कत घ्यावा, त्यात काही कमी नसते. उद्यासाठी मात्र घेऊ नये. लगेच खाणार असाल तर फळीवर पुढे ठेवलेली वस्तूच उचलावी, तशी विनंती करणारी 'तेमाएदोरी'ची पाटी 2021 पासून बऱ्याच दुकानांत दिसते. आणि दुकानातल्या टेबलावर बसून खाणार असाल तर बिल करताना तसे सांगावे लागते : घरी न्यायच्या खाद्यपदार्थांवर 8 टक्के कर आहे, तेथेच बसून खाल्ल्यास 10 टक्के.